सुरक्षा वस्तरा, एकधारी

सुरक्षा वस्तरा, एकधारी : दाढी करण्याचे एक साधन. यात एकाच बाजूस धार असलेले लहान पाते धातूच्या चौकटीत पक्के बसविलेले असते. पात्याच्या धारेपुढे दातेरी किंवा सलग कड असल्यामुळे धारेचा अगदी थोडा भाग त्वचेस लागतो व खोल जखम होण्याचा धोका टळतो. उघड्या पात्याचा वस्तरा चालविण्यास कसबी हात लागतो. सुरक्षा वस्तरा मात्र थोड्या सरावाने कोणालाही स्वतःच्या चेहऱ्यावर चालविता येतो. हा फरक वरवर पाहता केवळ तांत्रिक आहे. तथापि महाराष्ट्रात वस्तरा हे एका जातीचे वंशपरंपरागत हत्यार होते. तो कोणाच्या चेहऱ्यावर फिरवावा, कोणाच्या फिरवू नये आणि कोणाच्या मस्तकावर इच्छेविरुद्धही फिरवावा, हे रूढीने ठरत असे. त्यामुळे स्वतःच्या हाताने चालविण्याच्या वस्तऱ्याला येथे सामाजिक अर्थही प्राप्त झाला.

उगम व विकास : सुताराच्या रंध्यातून पाते जसे थोडेच बाहेर डोकावते, तसे वस्तऱ्याच्या पात्यास आडपट्टी बसवून त्याची धार आवरण्याची कल्पना पॅरिस येथील सुरीकार झां-झाक पेरे याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडली. इंग्लंडमधील विल्यम सॅम्युएल हेन्सन याने १८४७ मध्ये कुदळीच्या घाटाच्या, म्हणजे मुठीशी काटकोनात पाते असलेल्या, वस्तऱ्याचे पेटंट घेतले. आजही बहुतेक वस्तऱ्यांचा घाट हाच आहे. न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या काम्फे बंधूंनी १८८० मध्ये पेटंट घेतलेला ‘स्टार’ हा वस्तरा एकधारी सुरक्षा वस्त्यांचा पूर्वज मानला जातो. त्याचे पाते पाचरीच्या आकाराचे, म्हणजे जुन्या वस्तऱ्याचाच जणू आखूड तुकडा असे. डोक्याचा भाग पेटीसारखा पोकळ असून त्यात खरवडलेला फेस साठे. पाते मात्र वारंवार काढून चामड्याच्या पट्ट्यावर परजावे लागे.

परजण्याची ही कटकट किंग कँप जिलेट याच्या वस्तऱ्याने नाहीशी केली. पातळ पोलादी पट्टीचे, दोन्ही बाजूंस धार असलेले व धार गेल्यावर टाकून द्यावयाचे पाते त्याने योजिले. त्याची कंपनी १९०१ मध्ये स्थापन झाली. विक्रीच्या पहिल्या वर्षी, १९०३ मध्ये, अवघे ५१ वस्तरे विकले गेले. १९०४ मध्ये पेटंट मिळाल्यानंतर विक्री झपाट्याने वाढली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, अमेरिकन सैन्यासाठी सु. ३५ लाख वस्तरे पुरविण्यात आले. घरी परतलेल्या सैनिकांबरोबर स्वतः दाढी करण्याची सवयही घरोघरी गेली.

दुधारी पात्याच्या प्रसारानंतरही एकधारी वस्तरे मागे पडले नाहीत. ‘जेम’ व ‘एव्हर-रेडी’ या प्रकारांत पाते जाड असून त्याच्या पाठीवर धातूचा कणा बसविलेला असतो. ‘जेम मायक्रोमॅटिक’मध्ये मुठीच्या तळाची कळ फिरविताच डोके उघडते. हेन्री गेसमन याच्या ‘ऑटोस्ट्रॉप’ वस्तऱ्यात चामड्याचा पट्टा डोक्यातूनच ओवता येई व पाते न काढता परजता येई. इंग्लंडमधील ‘रोल्स’ वस्तऱ्याची डबी हीच त्याची कार्यशाळा होती : एका झाकणात निसणा, दुसऱ्यात चामडे आणि मधे मुठीने पुढेमागे सरकणारे पाते. ‘शिक’ वस्तऱ्यात नवे पाते बोटांचा स्पर्श न होता नळीतून आत ढकलले जाई. १९६२ नंतर न गंजणाऱ्या पोलादाची टिकाऊ दुधारी पाती, १९७१ नंतर दुपाती वस्तरे आणि त्यामागोमाग वापरून फेकून देण्याचे प्लॅस्टिकचे वस्तरे बाजारात आले. तेव्हा एकधारी वस्तरे मागे पडून संग्राहकांच्या कपाटात गेले.

महाराष्ट्रातील वस्तरा : श्मश्रू करणे हा न्हावी जातीचा परंपरागत व्यवसाय. वस्तरा, कातर, नराणी, निसणा, वाटी व आरसा एवढे साहित्य ठेवण्याच्या पिशवीस धोपटी म्हणतात. संत सेना न्हावी यांनी या साहित्यावरून आध्यात्मिक रूपके रचली. देशावर न्हावी हा बलुतेदार असून त्याच्या कामाचा मोबदला सुगीत धान्याच्या रूपाने मिळे. जावळ, मुंज, लग्न आणि सुतक या प्रसंगी त्याची उपस्थिती आवश्यक असे.

या व्यवस्थेच्या दोन बाजू एकोणिसाव्या शतकात विशेष टीकेचा विषय झाल्या. पहिली बाजू विधवांच्या केशवपनाची. ब्राह्मण व त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जातींत पतीच्या निधनानंतर स्त्रीचे मस्तक मुंडित करीत. गोपाळ गणेश आगरकर यांनी ‘सुधारक’ पत्रातून या रूढीवर कठोर टीका केली. हरि नारायण आपटे यांच्या १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीची नायिका या रूढीचीच बळी आहे. मात्र ज्याच्या हातात वस्तरा होता, त्यानेच तो खाली ठेवल्याची घटनाही याच काळातील आहे. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने १८९० मध्ये मुंबईत शेकडो न्हावी एकत्र आले आणि विधवांचे केशवपन न करण्याचा त्यांनी निर्धार केला. शास्त्रार्थाचा वाद सुशिक्षितांत चालू असता तो प्रत्यक्षात आणणाऱ्या कारागिरांनीच नकार द्यावा, ही या घटनेची विशेषता होय.

दुसरी बाजू नकाराचीच, पण विपरीत अर्थाची होती. अस्पृश्य मानलेल्या जातींची हजामत गावचा न्हावी करीत नसे. त्यांना ती आपसांत करावी लागे. न्हाव्यालाही यात फारसे स्वातंत्र्य नव्हते, कारण रूढी मोडल्यास उरलेल्या गावाचे काम जाण्याची भीती असे. प्रिटोरिया येथे एका इंग्रज केशकर्तनकाराने महात्मा गांधींना नाकारले, तेव्हा त्यांनी कातरयंत्र विकत घेऊन आरशासमोर स्वतःच आपले केस कापले. आत्मचरित्रात या प्रसंगाविषयी लिहिताना, आपले न्हावी अस्पृश्यांची हजामत करीत नाहीत, त्याचेच फळ आपणास परदेशात मिळाले, असे त्यांनी म्हटले आहे. स्वतंत्र भारतात संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आणि १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे हा दंडनीय अपराध ठरला. कायद्याने दुकानाचे दार उघडले. सुरक्षा वस्तऱ्याने त्या दारात उभे राहण्याची गरजच कमी केली.

शहापूर व मुरबाड : ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेस सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या दोन तालुक्यांत हे स्थित्यंतर एकाच वेगाने झाले नाही. कोकणपट्टीत देशावरच्याइतकी बांधीव बलुतेपद्धती नव्हती. मुरबाड मात्र नाणेघाट व माळशेज घाट या वाटांनी जुन्नरकडील देशाशी पूर्वापार जोडलेला आहे. दोन्ही तालुक्यांचे मुख्य पीक भात. वस्ती डोंगरउतारावरील लहानलहान पाड्यांत विखुरलेली असल्याने दाढी करून घेणे हे कारागिराच्या फेरीवर किंवा बाजाराच्या दिवसावर अवलंबून असे.

शहापूर तालुक्यात रेल्वे लवकर आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८५५ मध्ये वासिंदपर्यंत, १८६० मध्ये आसनगावपर्यंत आणि १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत पोहोचला. मुरबाडला मात्र रेल्वे लाभली नाही. त्याचा संबंध कल्याणशी सडकेने राहिला. घड्याळाच्या ठोक्यावर कामास जाणाऱ्या माणसास न्हाव्याच्या फेरीची वाट पाहणे परवडत नाही. रेल्वे, गिरणी, कचेरी व शाळा यांनी रोज दाढी करण्याची शिस्त आणली. त्या शिस्तीस स्वतःचा वस्तरा सोयीचा होता.

न्हावी समाजाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे नाव मुरबाड तालुक्याशी जोडलेले आहे. माथेरान येथील न्हावी कुटुंबात १ डिसेंबर १९१२ रोजी जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल हे वकील झाले. शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडविण्यासाठी त्यांनी धान्यकोठ्यांचा उपक्रम चालविला. १९४२ च्या आंदोलनात भूमिगत राहून त्यांच्या दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडच्या रानात पोलिसांशी झालेल्या चकमकीत ते व त्यांचे सहकारी हिराजी पाटील हुतात्मा झाले. धोपटीच्या व्यवसायात जन्मलेला मुलगा त्या व्यवसायाच्या चौकटीबाहेर पडून इतरांच्या बंधमुक्तीसाठी झटला. वस्तरा कुळाकडून व्यक्तीकडे जाण्याचा जो काळ, तोच व्यक्तीने कुळाचा व्यवसाय ओलांडण्याचाही काळ होता.

प्रसार : स्वातंत्र्यानंतर ग्राहकोपयोगी परदेशी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध आले व देशी पात्यांचा उद्योग वाढला. ठाणे येथील विद्युत मेटॅलिक्स या कारखान्याची ‘सुपरमॅक्स’ पाती देशात व देशाबाहेर खपली. देशी पाती मुख्यतः दुधारी असल्याने घरोघरी दुधारी वस्तराच रुळला. जेम किंवा शिक प्रकारची पाती सहज मिळेनाशी झाल्याने त्यांचे वस्तरे पेटीच्या तळाशी गेले. एकधारी तत्त्व मात्र न्हाव्याच्या दुकानात वेगळ्या रूपाने टिकले. दुधारी पाते उभे मोडून त्याचा अर्धा भाग खाचेत बसविण्याचा वस्तरा तेथे वापरात आला. भारतात १९८६ मध्ये एड्सचे पहिले रुग्ण आढळल्यानंतर रक्तातून पसरणाऱ्या रोगांविषयी जागृती वाढली आणि प्रत्येक ग्राहकास नवे पाते लावण्याचा आग्रह धरला जाऊ लागला. निसण्यावर परजलेला वंशपरंपरागत वस्तरा यानंतर झपाट्याने दिसेनासा झाला. व्यवसायाची जुनी मर्यादाही काही ठिकाणी मोडली. कोल्हापूर जिल्ह्यातील हासूरसासगिरी येथील शांताबाई यादव यांनी पतीच्या निधनानंतर त्यांचा वस्तरा हाती घेऊन गावात हजामतीचे काम केले व आपल्या मुलींना वाढविले. ज्या हत्याराने एकेकाळी विधवेचे मस्तक भादरले जाई, तेच येथे एका विधवेच्या उपजीविकेचे साधन झाले.

वापर : जेम प्रकारच्या पात्याची जाडी सु. ०·२३ मिमी., म्हणजे दुधारी पात्याच्या दुपटीहून अधिक असते. त्यामुळे ते थरथरत नाही व राठ दाढीही एकसारखी कापते. दाढी कोमट पाण्याने भिजवून साबणाचा दाट फेस ब्रशाने चोळावा. वस्तऱ्याच्या डोक्याचा सपाट माथा गालास टेकवून मूठ किंचित खाली आणली, म्हणजे योग्य कोन साधतो. दाब न देता वस्तऱ्याचे वजनच काम करील अशा बेताने, प्रथम केसांच्या रोखाने आखूड हात फिरवावेत. कार्बनी पोलादाचे पाते लवकर गंजते. ठाणे जिल्ह्याच्या पावसाळी हवेत तर एका रात्रीतही गंजाचे ठिपके दिसतात. म्हणून वापरानंतर पाते काढून, धुऊन कोरडे करणे आवश्यक असते.

संग्रह : जुने एकधारी वस्तरे मुंबईच्या चोरबाजारासारख्या जुन्या वस्तूंच्या बाजारात व घरोघरच्या अडगळीत मिळतात. संग्राहक प्रथम डोक्यावरील वा मुठीवरील छाप व पेटंटची वर्षे पाहतात. बिजागरी व स्प्रिंग शाबूत आहेत काय, पाते अडविणारे दोन बारीक खुंट झिजलेले नाहीत ना आणि निकेलचा मुलामा उडून आतील पितळ कितपत उघडे पडले आहे, यांवरून नमुन्याची प्रत ठरते. मूळ डबी, पात्यांची वेष्टने व सूचनापत्रक सोबत असल्यास मोल वाढते. वापरण्यापूर्वी वस्तरा साबणाच्या गरम पाण्याने स्वच्छ करून जंतुनाशकाने पुसतात. खरखरीत भुकटीने घासल्यास मुलामा व छाप दोन्ही नष्ट होतात.

वस्तूबरोबर तिची माहिती नोंदविणे हे अधिक महत्त्वाचे आहे. वस्तरा कोणत्या गावचा, तो वापरणारा सैनिक होता, शिक्षक होता की रेल्वे कामगार, त्यापूर्वी त्या घरची हजामत कोण करी व मोबदला धान्याने मिळे की पैशाने, हे लिहून ठेवले नाही तर तो वस्तरा केवळ एका परदेशी कारखान्याचा नमुना उरतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाने अडकित्ते, दिवे व वज्र्या यांसारख्या घरगुती वस्तू जपून रोजच्या जीवनाचा इतिहास कसा उभा राहतो, हे दाखविले आहे. त्या दृष्टीने पाहता चकचकीत सुरक्षा वस्तऱ्याशेजारी झिजलेला निसणा आणि चामड्याची धोपटीही ठेवली, तरच संग्रह पूर्ण होतो.