पोथीपासून ग्रंथापर्यंत : लीळाचरित्राचे संपादक

नवा ग्रंथ हातीं आला म्हणजे आपण प्रथम ग्रंथकाराचें नांव पाहतों, मग किंमत पाहतों, आणि फारच चोखंदळ असलों तर प्रकाशक कोण तेंही पाहतों. संपादकाचें नांव मुखपृष्ठावर छापलेलें असलें तरी त्यावर आपली नजर क्वचितच ठरते. ‘संपादक’ म्हटलें कीं वर्तमानपत्राचे अग्रलेख लिहिणारे गृहस्थ आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. ग्रंथाचा संपादक म्हणजे मुद्रितें तपासणारा व ऱ्हस्वदीर्घ सुधारणारा कोणी कारकून, अशीच सामान्य समजूत आहे. ती किती अपुरी आहे हें दाखविण्यास मराठींतील आद्य गद्यग्रंथ जो लीळाचरित्र, त्याच्या इतिहासाइतकें चांगलें उदाहरण दुसरें सांपडणें कठीण. त्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा वऱ्हाडांतील बुलढाणा जिल्ह्यांत जाऊन पोंचतो, ही गोष्ट मात्र त्या जिल्ह्यांतील सुशिक्षितांसही फारशी ठाऊक नसते.

ग्रंथकार हयात असला तर संपादकाचें काम अवघड असलें तरी निर्धास्तपणें करण्याजोगें असतें. एखादें प्रकरण लांबलें, एखादा मुद्दा दोनदां आला, एखाद्या वाक्याचा अर्थ लागला नाहीं, तर तो ग्रंथकारास विचारूं शकतो. आणि अखेरचा शब्द ग्रंथकाराचा राहतो. परंतु ग्रंथकारास जाऊन सातशें वर्षें झालीं असतील तर विचारावें कोणास? मूळ प्रत नाहीं. प्रतीची प्रत, तिची पुन्हां प्रत, अशा पोथ्या तेवढ्या उरलेल्या. नकल करणाऱ्याचा डोळा एका ओळीवरून तशाच शब्दाच्या दुसऱ्या ओळीवर घसरतो आणि मधला मजकूर नाहींसा होतो. समासांत कोणी लिहिलेलें टिपण पुढचा नकलनवीस मूळ संहितेंत घेतो. जुना शब्द कळला नाहीं म्हणजे त्याच्या जागीं ओळखीचा शब्द बसतो, आणि तो इतका चपखल बसतो कीं चूक झाली असा संशयही कोणास येत नाहीं. अशा वेळीं संपादकापुढें एकच प्रश्न असतो : हे शब्द ग्रंथकाराचे कीं दुसऱ्या कोणाचे? आणि दुसऱ्याचे असतील तर तें वाचकास कळावें कसें?

हा प्रश्न आपल्याकडे छापखान्याबरोबर आला असें मात्र नव्हे. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ काढून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि पुढें कोणीं तींत आपली ओंवी घालूं नये अशी ताकीद दिली. परंतु लीळाचरित्राची कथा त्याच्याही मागें जाते. कारण हा ग्रंथ जन्मासच आला तो संपादनांतून.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत चक्रधरस्वामी शिष्यमंडळ सोडून उत्तरेकडे निघून गेले. त्यांनीं स्वतः ग्रंथ लिहिलेला नव्हता. राहिल्या त्या शिष्यांच्या आठवणी : ते कोठें बसले, कोणास काय म्हणाले, कोणत्या गांवीं किती दिवस राहिले. वऱ्हाडांतील रिद्धपूर येथें आचार्य नागदेव ऊर्फ भटोबास यांच्या आश्रयानें म्हाइंभटांनीं ह्या आठवणी एकत्र करण्याचें काम हातीं घेतलें. ज्याच्या देखत जी लीळा घडली त्याच्याकडे जाऊन ती त्याच्या तोंडून ऐकावी, ती टिपून घ्यावी, आणि नागदेवाचार्यांच्या स्मरणाशीं ताडून पाहावी, असा त्यांचा क्रम होता. सुमारें शके १२०० च्या, म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमारास हें संकलन झालें असें मानतात. म्हाइंभट विद्वान होते, वादविवादांत मुरलेले होते. मनांत आणलें असतें तर गुरूच्या चरित्रावर पांडित्याचा साज त्यांना सहज चढवितां आला असता. त्यांनीं तो चढविला नाहीं. खेड्यांतील बायाबापड्यांची बोली जशी कानीं आली तशी त्यांनीं कागदावर उतरविली. आज त्या काळची बोली मराठी कशी होती हें जाणण्याचें जें उत्तम साधन आपल्यापाशीं आहे, तें ह्या एका संकलकाच्या संयमाचें फळ होय.

पुढें ह्या ग्रंथावर मोठें संकट आलें. चौदाव्या शतकाच्या आरंभीं दिल्लीच्या खलजी सैन्याच्या स्वाऱ्या देवगिरीच्या राज्यावर होऊं लागल्या. त्या धामधुमींत म्हाइंभटांची मूळ पोथी नष्ट झाली, असें पंथाची परंपरा सांगते. मग ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या स्मरणावरून ती पुन्हां लिहिण्यांत आली. हिराइसा नांवाच्या एका स्त्रीचें स्मरण ह्या कामीं प्रमाण मानलें गेलें. परशरामबास, रामेश्वरबास ह्यांचेही पाठ होते. हे पाठ सर्वत्र जुळत ना. एकीच्या आठवणींत प्रसंग एका गांवचा, तर दुसऱ्याच्या आठवणींत दुसऱ्या गांवचा. एकाकडे वाक्य लांब, दुसऱ्याकडे तुटक.

ह्या ठिकाणीं त्या जुन्या मंडळींनीं जें केलें तें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. एक पाठ निवडून बाकीचे टाकून देणें सोपें होतें, आणि भाविकांस तसा निःसंदेह ग्रंथ अधिक रुचलाही असता. त्यांनीं तसें केलें नाहीं. निराळ्या आठवणीस ‘वासना’ म्हणून, मागाहून चौकशीनें कळलेल्या गोष्टीस ‘शोधु’ म्हणून त्यांनीं ग्रंथांतच जागा दिली. ज्याला आपण आज तळटीप म्हणतों तिचेंच हें देशी रूप होय. गुरूच्या शब्दावर ज्यांची पूर्ण श्रद्धा होती त्यांनींच आपल्या आठवणीवर मात्र आंधळा विश्वास ठेवला नाहीं.

त्याच मंडळांत केशिराजबास म्हणून दुसरे एक व्युत्पन्न पुरुष होते. त्यांनीं लीळांतून चक्रधरांचीं वचनें निवडून सूत्रपाठ रचला, आणि ११४ दृष्टांत घेऊन दृष्टांतपाठ सिद्ध केला. ह्या दुसऱ्या ग्रंथाची मांडणी पाहण्यासारखी आहे. सूत्र व दृष्टांत हे चक्रधरांचे. त्यांचा अर्थ उलगडून सांगणारें दार्ष्टांतिक केशिराजांचें. आणि हे भाग ग्रंथांत वेगळे ठेवलेले आहेत. गुरूचें बोलणें कोठें संपलें आणि शिष्याचें कोठें सुरू झालें ह्याविषयीं वाचकाचा घोटाळा होत नाहीं. केशिराज संस्कृतांतही लिहीत. परंतु पंथाचें शास्त्र संस्कृतांत नेण्याच्या कल्पनेस नागदेवाचार्यांनीं मान्यता दिली नाहीं. तसें केल्यास चक्रधरांच्या साध्यासुध्या स्त्रीशिष्या त्यास मुकतील, असें त्यांचें म्हणणें होतें. ग्रंथ कोणासाठीं आहे हें ठरविणें हेंही संपादकाचेंच काम; तें नागदेवाचार्यांनीं एका निर्णयानें केलें आणि मराठी गद्यावर कायमचे उपकार करून ठेवले.

चौदाव्या शतकापासून महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी आदि सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास आरंभ केला. ह्यामुळें ग्रंथ परक्यांच्या हस्तक्षेपापासून बचावले. तथापि उर्वरित महाराष्ट्रास त्यांचा जवळजवळ विसर पडला. मठांतून, थेट पंजाबापर्यंत, ह्या मराठी पोथ्या जपून ठेवलेल्या होत्या. पण ज्ञानेश्वरीच्या काळचें मराठी गद्य अस्तित्वांत आहे ही गोष्ट विद्वानांस ठाऊक नव्हती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस इतिहासाचार्य राजवाडे यांनीं सकळ लिपीचा उलगडा प्रसिद्ध केला, आणि हें बंद दालन उघडलें.

दालन उघडलें, परंतु आंतील वस्तु बाहेर आणणें हें वेगळें काम होतें. नागपूरचे हरि नारायण नेने यांनीं १९३६ पासून लीळाचरित्राचे भाग क्रमानें प्रसिद्ध केले. तें काम १९५० पर्यंत चाललें. त्यानंतर शं. गो. तुळपुळे यांची आवृत्ति निघाली. आणि १९७८ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें विष्णु भिकाजी कोलते यांनीं संपादिलेलें समग्र लीळाचरित्र प्रसिद्ध केलें. अभ्यासकांच्या हातांत आज मुख्यत्वें असते ती हीच प्रत.

कोलते हे बुलढाणा जिल्ह्यांतील नरवेलचे. २२ जून १९०८ रोजीं त्यांचा जन्म झाला. पुढें नागपुरास अध्यापन, १९६६ ते १९७२ ह्या काळांत नागपूर विद्यापीठाचें कुलगुरुपद, १९६७ सालीं भोपाळच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद, असे अनेक मान त्यांस मिळाले. परंतु १९९८ सालीं ते निवर्तले तेव्हां त्यांच्या मागें जें खरें धन राहिलें, तें म्हणजे त्यांनीं शुद्ध करून दिलेल्या पोथ्या. त्यांचे कांहीं महत्त्वाचे ग्रंथ मुंबईपुण्याच्या नव्हे, तर मलकापूरच्या अरुण प्रकाशनानें छापले आहेत. ‘महानुभाव तत्त्वज्ञान’, ‘स्थानपोथी’, गोविंदप्रभूंचें चरित्र सांगणारी ‘ऋद्धिपुरलीळा’ ह्या पुस्तकांच्या आवृत्त्यांवर मलकापूरचें नांव आहे. गोविंदप्रभूंचें हें चरित्र कोलत्यांनीं प्रथम १९४४ सालीं संपादून प्रसिद्ध केलें होतें. त्याचाच आधार घेऊन ॲन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीनें केलेलें इंग्रजी भाषांतर १९८४ सालीं न्यूयॉर्क येथें प्रसिद्ध झालें. वऱ्हाडांतील एका तालुक्याच्या गांवीं छापलेल्या संहितेवर परदेशांतील विद्यापीठें विसंबतात, ती कांहीं कागदाच्या वा बांधणीच्या बळावर नव्हे. ह्या संपादकानें पोथी पोथीशीं ताडून पाहिली आहे, आणि पदरचा शब्द घातलेला नाहीं, हा तो भरंवसा आहे.

१९७८ च्या आवृत्तींत एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध ह्या रूढ विभागांखेरीज ‘अज्ञात लीळा’ असा एक स्वतंत्र विभाग आहे. कालक्रमांत ज्यांची जागा निश्चित नाहीं, अशा लीळा जेथें शोभतील तेथें घालून ग्रंथ सलग करण्याचा मोह कोणासही झाला असता. परंतु त्या वेगळ्या राहिल्या. म्हाइंभटांच्या परंपरेनें ‘वासना’ आणि ‘शोधु’ लिहून जें पथ्य पाळलें तेंच सातशें वर्षांनंतर छापील ग्रंथांतही पाळलें गेलें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत १९१९ सालीं आरंभिलेली आणि १९६६ सालीं पुरी झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति हीही ह्याच पथ्यावर उभी आहे : स्वीकारलेला पाठ वर, आणि नाकारलेले पाठ त्याच पानावर खालीं, म्हणजे संपादकाच्या निवाड्यावर वाचकास अपील करतां यावें.

येथें कोणी म्हणेल कीं, अर्धा शब्द इकडचा तिकडे झाला तर बिघडलें काय? ह्याचें उत्तर बुलढाणा जिल्ह्यापुरतेंच देतों. चक्रधरांच्या भ्रमणांत मेहकर व लोणार हीं दोन्ही गांवें येतात. स्थानपोथींत तर त्यांच्या मुक्कामाचीं स्थानें, तेथील देवळें, त्यांचीं दारें कोणत्या दिशेस आहेत, हें सारें नोंदलेलें आहे. तेराव्या शतकांतील ह्या गांवांचें इतकें बारीक वर्णन अन्यत्र मिळणें दुर्मिळ आहे. एखाद्या उत्साही संपादकानें जुनें ग्रामनाम ‘अशुद्ध’ समजून आजचें घातलें, किंवा पूर्वेचें दार पश्चिमेस असल्याचें पाहून पोथी ‘सुधारली’, तर एक पडलेलें देऊळ कायमचें नाहींसें होईल. आणि तें नाहींसें झालें हें कोणास कळणारही नाहीं.

ह्याहून नाजूक प्रश्न श्रद्धेचा आहे. लीळाचरित्र हें इतिहासकारास साधन असलें तरी हजारों कुटुंबांना तें ईश्वराच्या सन्निधानाचें स्मरण आहे. शतकानुशतकें जी पोथी गुप्त राखली ती बाजारांत विकावयास यावी, तींतील मतभेद चव्हाट्यावर मांडले जावे, हें सर्वच भाविकांस रुचलें पाहिजे असा आग्रह धरणें योग्य नव्हे. संपादकास ह्या दोन्ही वाचकांचें ऋण असतें. परंतु तें फेडण्याचा मार्ग, माझ्या मतें, एकच आहे. अडचणीचें वाक्य गाळून भाविकास खूष करतां येईल, अथवा आपलें मत संहितेंत मिसळून पंडितांस चकित करतां येईल. दोन्हींत म्हाइंभटांशीं द्रोह होतो. संपादकास जें म्हणावयाचें असेल तें त्यानें प्रस्तावनेंत सहीनिशीं म्हणावें. संहितेंत मात्र पाहुण्याप्रमाणें वागावें, घरधन्याप्रमाणें नव्हे.

म्हणून वाचकांस दोनच गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. जुना ग्रंथ विकत घेतांना त्याचा संपादक कोण, त्यानें कोणत्या पोथ्या वापरल्या, आणि पाठभेद दिले आहेत कीं नाहींत, हें प्रस्तावना उघडून पाहावें. स्वस्त व सुबक आवृत्ति आणि विश्वसनीय आवृत्ति ह्या नेहमींच एक असतात असें नाहीं. आणि घरांत माळ्यावर एखादें जुनें बाड असेल तर तें समजत नाहीं म्हणून नदींत सोडूं नये, अथवा फाटलें म्हणून त्यावर नव्या शाईनें अक्षरें गिरवूं नयेत. तें जसें आहे तसें जवळच्या ग्रंथसंग्रहालयाच्या अथवा विद्यापीठाच्या स्वाधीन करावें. त्यांतील एखादा चुकलेला वाटणारा शब्दच कदाचित् मूळ शब्द असेल, आणि तो ओळखणारा संपादक अजून यावयाचा असेल.