उभे पाषाण : प्राचीनत्वाची पारख

माळावर किंवा शेतात उभा असलेला एखादा अनघड दगड प्रागैतिहासिक काळातला, की नंतर कोणी रोवलेला, हे ठरवण्याची पुरातत्त्वीय पद्धत. ब्रिटन व आयर्लंडमध्ये असे दगड विपुल असल्याने तिथे या पारखीला विशेष महत्त्व आले. तिथले अस्सल पाषाण बहुतांशी नवाश्मयुग व कांस्ययुगातले आहेत.

दगड स्वतः कोट्यवधी वर्षांचा असतो. तो उभा केव्हा केला, एवढाच प्रश्न असतो. उत्तर दगडात नसते, तो रोवलेल्या खड्ड्यात असते. आधाराला ठोकलेल्या दगडगोट्यांमध्ये सापडलेला कोळसा, हाडे, शिंगे, खापरे यांवरून काळ काढता येतो. स्टोनहेंजचे मोठे सार्सेन पाषाण इ. स. पू. 2500च्या सुमारास उभारले गेले, हे तिथे मिळालेल्या हरणाच्या शिंगांच्या कुदळींच्या कार्बन-14 मापनामुळे ठरवता आले. मात्र खड्डाही दिशाभूल करू शकतो. स्टोनहेंजचाच एक कललेला पाषाण 1901मध्ये सरळ करून काँक्रीटमध्ये बसवला गेला. तिथे दगड अस्सल, पण पाया विसाव्या शतकातला.

उत्खनन शक्य नसेल तेव्हा पृष्ठभाग वाचावा लागतो. यॉर्कशरमधील ‘डेव्हिल्स ॲरोज’ या पाषाणांवर माथ्यापासून खाली उतरणाऱ्या पावसाच्या खोल पन्हळी आहेत. दगड दीर्घकाळ उभाच होता, याची ती भक्कम खूण. उलट, कडेला ओळीने अर्धगोल छिद्रे दिसली, तर दगड छिद्रांत पाचरी ठोकून फोडलेला, म्हणजे बहुधा गेल्या दोन-अडीच शतकांतला. पायथ्याशी गुरांनी तुडवून झालेला खळगा मात्र काहीच सिद्ध करत नाही. शेतकरी गुरांना अंग घासायला मुद्दाम दगड रोवत, आणि गुरे अस्सल पाषाणालाही अंग घासत. फाटकाच्या बिजागरीची भोकेही अशीच फसवी, कारण जुने पाषाण उचलून फाटकाला वापरल्याची उदाहरणे आहेत. वेल्समध्ये आइस्टेडफॉड या साहित्य-संगीत महोत्सवासाठी उभारलेली आधुनिक शिलावर्तुळे तर गावोगाव दिसतात.

जुने नकाशे, जमिनीची दफ्तरे आणि गावकऱ्यांची आठवण यांना दुय्यम मानण्याची सवय घातक आहे. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनशरच्या लिओकेल-कुश्नी परिसरातील शिलावर्तुळ 2018मध्ये प्राचीन म्हणून जाहीर झाले. रचना त्या भागातल्या अस्सल वर्तुळांसारखीच होती. व्यास व दगड लहान असल्याचे तज्ज्ञांच्या नजरेत आलेही होते. जानेवारी 2019मध्ये उलगडा झाला : शेताच्या पूर्वीच्या मालकाने ते 1990च्या दशकात बांधले होते.

विदर्भात जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड येथील शिलावर्तुळांबाबत अशी शंका उरत नाही. माहुरझरी, नायकुंडच्या उत्खननांत दफनांसोबत लोखंडी अवजारे आणि घोड्यांची हाडे मिळाली असून ती इ. स. पू. पहिल्या सहस्रकातील आहेत. पण गडचिरोलीतील माडिया समाजात मृतांसाठी दगड उभारण्याची परंपरा अलीकडच्या काळापर्यंत चालत आलेली आहे. म्हणून तिथल्या एकट्या दगडाचा काळ केवळ रूपावरून सांगणे चूक ठरते.

उत्खनन किंवा जुनी नोंद यांपैकी काहीच हाती नसेल, तर अशा दगडाची नोंद ‘संभाव्य’ म्हणूनच करावी.