पाळी गेलेल्या बायांचं देणं

आम्ही कुडपणच्या बाया बोलतोय. लग्नाला चार वर्षं होऊन पाळणा हलला नाही, की बोट सुनेकडे जातं. आणि पाळी गेलेल्या बाईला म्हणतात, आता हिचा काय उपयोग? या दोघींना जोडणारा इतिहास आज सांगतो.

मेंदूखाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. ती रक्तात एफएसएच नावाचं संप्रेरक सोडते. त्याच्या जोरावर दर महिन्याला अंडाशयात स्त्रीबीज वाढतं. पाळी कायमची थांबली की अंडाशय दाद देत नाही. मग ग्रंथी जास्तच एफएसएच सोडते आणि ते लघवीतून बाहेर पडतं.

इटलीत पिएरो दोनिनी या शास्त्रज्ञानं अशा बायांच्या लघवीतून ते वेगळं काढलं. पुढे मठातल्या म्हाताऱ्या नन्सची लघवी गोळा करून औषध बनू लागलं. १९६२ साली इस्राएलमध्ये त्या औषधामुळे पहिलं मूल जन्मलं. ज्यांनी संसारच केला नाही, त्यांच्यामुळे दुसरीची कूस उजवली!

कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींनी याच औषधानं बीजं वाढवली, ती शरीराबाहेर फळवली आणि गर्भ आईच्या कुशीत ठेवला. ३ ऑक्टोबर १९७८ ला मुलगी झाली. पण सरकारी समितीनं त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. १९८१ साली त्यांनी आपलं जीवन संपवलं.

मग ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईत, आपल्या माणसांना ठाऊक असलेल्या परळच्या केईएममध्ये, डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब मुलगी जन्मली. देशातली पहिली म्हणून तिचं नाव झालं. त्याच कामात असलेले शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी पुढे मुखर्जींचे कागद वाचले आणि १९९७ साली जाहीर सांगितलं, पहिला मान मुखर्जींचा. स्वतःच्या कामाचा मान दुसऱ्याला द्यायला मोठं मन लागतं.

मैत्रिणींनो, एफएसएच पुरुषाच्या अंगातही असतं. शुक्रजंतू नीट तयार व्हायला ते लागतं. दोष दोघांपैकी कुणातही असू शकतो, कधी दोघांतही. म्हणून दवाखान्यात जाताना नवऱ्यालाही बरोबर न्या. बाईची एफएसएचची रक्ततपासणी बहुतेक वेळा पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करतात, तेव्हा तारीख लिहून ठेवा.

आणि तपासणीआधीच कुणी सुनेला वांझ म्हणालं, तर गटातल्या आपण सगळ्यांनी तिच्या बाजूनं बोलायचं. सासूबाईंनी सगळ्यांत आधी.