छापील किंमत

पुस्तकाची किंमत कोठे पाहावी, हे गिरगावातल्या वाचकाला कोणी शिकविलेले नाही. ती पुस्तकावरच छापलेली असते. त्या एका आकड्यात तिघांचे नाते ठरते. प्रकाशक किंमत ठरवितो, विक्रेत्याला तिच्यातून कमिशन मिळते आणि वाचक पुस्तकाचा धनी होतो. 1924 साली गणेश रामराव भटकळांनी काढलेला पॉप्युलर बुक डेपो अशा कमिशनवरच उभा राहिला. धनी झालेला वाचक ते पुस्तक शेजाऱ्याला देई, जुन्या बाजारात विकी. 1898 साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा आधारही हाच. प्रत एकदा विकत घ्यावयाची आणि वर्गणीदारांच्या हाती फिरवावयाची.

ई-पुस्तकाने ही घडी विसकटली. 2007 साली अमेरिकेत किंडल आले आणि ॲमेझॉनने कित्येक नवी पुस्तके 9.99 डॉलरला लावली; काही तर खरेदीपेक्षाही स्वस्त. तोटा सोसून गिऱ्हाईक बांधावयाचे, हा त्यातला हिशेब. लहान दुकानदार तेथे कसा टिकणार? छापील पुस्तकाचा भाव कोसळेल म्हणून प्रकाशकही धास्तावले. 2010 साली मोठ्या प्रकाशकांनी ॲपलशी करार केला. किंमत प्रकाशकाची आणि दुकानाला शेकडा तीस. भाव चढले. 2012 साली सरकार न्यायालयात गेले आणि पुढल्याच वर्षी ॲपलविरुद्ध निकाल लागला. फ्रान्सने मात्र 2011 साली कायदाच केला की ई-पुस्तकाची किंमत प्रकाशकाने ठरवावी आणि ती सर्व विक्रेत्यांनी पाळावी.

आपल्याकडे किंडलवर मराठी पुस्तके 2016 च्या अखेरीस आली. त्या वेळी छापील पुस्तकाला वस्तू व सेवा कर नव्हताच, कारण तो करच पुढल्या वर्षी आला. त्यातून छापील पुस्तक वगळले गेले; ई-पुस्तकावर मात्र 18 टक्के बसले. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांपुरते ते 2018 साली 5 टक्क्यांवर आले.

परंतु आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो निराळाच प्रसंग. 2009 साली ॲमेझॉनने विक्रीच्या हक्कावरून वाद निघताच ऑर्वेलची ‘1984’ ही कादंबरी वाचकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतली. पैसे परत मिळाले, पुस्तक गेले. विकलेली प्रत परत न्यावयास भटकळांच्या दुकानातून कोणी घरी आला नसता!

म्हणून निम्म्या किमतीचे ई-पुस्तक आपण जरूर घ्यावे. मात्र किमतीबरोबर आपला हक्क किती कमी झाला, तेही विचारून घ्यावे.