हळदीचा छापील पुरावा

जखमेवर हळद लावतात, हे सिद्ध करायला आपल्याकडे साक्षीदार लागत नाही. अमेरिकेत लागला, आणि तोही छापील. मार्च १९९५ मध्ये हळदीने जखम भरून काढण्याच्या उपायावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात परदेशातील नुसता वापर, मग तो कितीही जुना असो, नावीन्य खोडून काढायला पुरेसा नव्हता. पेटंट किंवा छापील मजकूरच दाखवावा लागे. अन्यायच म्हणावा, पण ‘कागद आणा’ हे मीही कितीतरी अर्जदारांना ऐकवले आहे!

डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये फेरतपासणी मागितली. ३२ संदर्भ सादर झाले. त्यांत जुन्या ग्रंथांबरोबर भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ चा लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने सारे दावे फेटाळले.

पुढे २००१ पासून आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांतील ज्ञान परदेशी पेटंट तपासनिसांना वाचता येईल अशा भाषांत नोंदवणारे पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय आकाराला आले. त्याचा आधार मात्र पोथ्यांचा. पाड्यावरच्या वैदूचे औषध कोणत्याही पोथीत नसते, आणि त्या वैदूचे वय सहसा सत्तरीपुढचे असते.