हुकूम, हकीम आणि घोड्याचा लगाम

आजच्या भागात गोष्ट आहे तीन अक्षरांची. ह-क-म.

अरबीतले बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून बनतात. व्यंजनं तीच राहतात, स्वर बदलतात, मागेपुढे एखादं अक्षर लागतं, की झाला नवा शब्द. आता ह-क-म घ्या. हुक्म म्हणजे निवाडा, आज्ञा. हाकिम म्हणजे सत्ता चालवणारा. महकमा म्हणजे न्यायालय. हिक्मा म्हणजे शहाणपण. हकीम म्हणजे शहाणा माणूस, आणि पुढे वैद्यसुद्धा, कारण इब्न सिनासारखे मोठे वैद्य तत्त्वज्ञही असत. यातले हुकूम, हकीम, हिकमत हे शब्द फारसीच्या वाटेनं मराठीत आले. फक्त आपल्याकडे हिकमतीला शहाणपणापेक्षा युक्तीचा वास जास्त!

पण आज्ञा आणि शहाणपण यांचं नातं काय? जुने अरबी कोशकार इथे घोडा आणतात. घोड्याच्या जबड्याभोवती बसणाऱ्या लगामाच्या भागाला म्हणतात हकमा. घोडा उधळू नये म्हणून तो असतो. म्हणजे धातूच्या मुळाशी अर्थ आहे आवर घालण्याचा. न्यायाधीश अन्यायाला आवरतो, शहाणपण आपल्यालाच आवरतं.

आता चला इसवी सन 657 मध्ये. युफ्रेटिस नदीकाठी, सिफ्फीनला. एका बाजूला खलिफा अली, दुसऱ्या बाजूला सीरियाचा सुभेदार मुआविया. लढाई ऐन भरात असताना मुआवियाच्या सैन्यानं भाल्यांच्या टोकांना कुराणाची पानं लावली, असं इतिहासकार सांगतात. निवाडा कुराणानं होऊ द्या, असा त्याचा अर्थ. दोन्ही बाजूंनी एकेक लवाद नेमायचं ठरलं. लवादाला अरबीत काय म्हणतात? हकम. तोच धातू!

अलींच्याच गोटातले काही जण भडकले. त्यांची घोषणा होती, हुक्म फक्त अल्लाहचा. माणसं कोण निवाडा करणारी? ते फुटून बाहेर पडले, म्हणून त्यांना खारिजी म्हणतात. उलट बाजूचा युक्तिवादही कुराणातलाच होता. नवरा-बायकोचं बिनसलं, तर दोन्हीकडून एकेक हकम नेमा, असं चौथ्या सूरेत सांगितलंय. मग हजारो जीव वाचवायला लवाद का नको? शिवाय ग्रंथ काही स्वतः बोलत नाही, त्याचा अर्थ शेवटी माणसंच लावतात.

हा वाद शब्दांवर थांबला नाही. 658 मध्ये नहरवानला अलींच्या सैन्यानं खारिज्यांचा मोठा पराभव केला. 661 मध्ये कूफ्यात एका खारिजीनं अलींवर तलवार चालवली आणि त्या जखमेनं ते गेले.

बघा, दोन्ही बाजूंच्या तोंडी एकच धातू होता. एका बाजूसाठी तो होता हुक्म, वरून आलेला, शेवटचा. दुसऱ्या बाजूसाठी हकम, दोघांच्या मधे बसून ऐकून घेणारा माणूस. आजही अरबी देशांत फुटबॉलच्या पंचाला हकमच म्हणतात.

मराठीत आपण ‘हुकूमशाही’ म्हणतो, तेव्हा या धातूची फक्त आज्ञा उरलेली असते. लगाम मात्र कुणाला आठवत नाही, आणि तो आधी हुकूम देणाऱ्यालाच लागतो.

भेटू पुढच्या भागात.