तळटीप : ‘हायवे दहिसरला संपतो’

बोरिवलीकरांच्या बोलण्यातली ही हद्द चेकनाक्याची, म्हणजे मुंबई महापालिकेची. रस्ता तसाच पुढे घोडबंदरकडे जातो. जुन्या नकाशांत तो राष्ट्रीय महामार्ग ८ आहे. २०१० च्या फेरक्रमांकनात मुंबई–दिल्ली मार्गाला ४८ हा आकडा मिळाला, लोकांच्या तोंडी मात्र ‘एनएच आठ’ राहिला. रस्ता राज्यमार्ग असेल, तर त्याचं टोक पाटी ठरवत नाही, नकाशाही नाही. १९५५ च्या महामार्ग कायद्याखालची राजपत्रातली अधिसूचना ठरवते. २०१७ मध्ये महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबली, तेव्हा या कागदाचं वजन अंधेरी-घाटकोपरच्या दुकानदारांना कळलं. २०२२ मध्ये पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग महापालिकेकडे आले, नावं तीच राहिली. लेखिकेचं वाक्य आम्ही बदललेलं नाही. — संपा.